टाका कुणाला मिळतो?

रात्रभर प्रवास करून आलेल्या सर्जन मित्रमैत्रिणींनो,

डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या सोलापुरात आपलं मनापासून स्वागत. दुपारी शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आहेच. पण स्वागताध्यक्षाला नंतर कुणी माईक देत नाही, म्हणून आत्ताच चार शब्द बोलून घेतो.

माझी आई विड्या वळायची. एमबीबीएसची साडेपाच वर्षं संपली तेव्हा घरात एकच प्रश्न होता: पगार कधी? पुढे एमएसची तीन वर्षं, मग कुणाच्या तरी हाताखाली उमेदवारी, मग स्वतःचं ओटी आणि त्याचं कर्ज. आमच्यासारख्या घरांतली मुलं सर्जरीकडे पाठ फिरवतात, त्याचं निम्मं कारण या हिशेबात आहे.

उरलेलं निम्मं ओटीत. राखीव जागेवरच्या मुलाला पहिल्याच दिवशी रँक विचारली जाते, मुलीला लग्नाचं. मग रिट्रॅक्टर धरायला हे, टाके घालायला दुसरेच. वर्षभराने आपणच म्हणतो, हात बसलेला नाही! २००७ साली थोरात समितीने एम्समधल्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांचे अनुभव मांडले, तेव्हा आपण ती दिल्लीची गोष्ट समजलो.

मीही यातून सुटलेलो नाही. एका इंटर्नच्या गाठी सैल पडायच्या. सगळ्यांसमोर म्हणालो, "तू आपली स्किन घे." नंतर सिस्टरांनी दाखवलं, ओटीत साडेसातचेच हातमोजे होते आणि मुलीचा हात सहाचा. बोटांच्या टोकांना रबर लोंबायचं, धागा त्यात अडकायचा. ती आज त्वचारोगतज्ज्ञ आहे, नावाजलेली आहे. पण ती निवड तिची होती, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मी सर्जन झालो, कारण रात्री दोन वाजता एका सीनियरने नीडल होल्डर माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "घाल, मी आहे." टाका वाकडा पडला. त्याने तो काढला आणि पुन्हा घालायला लावला.

उद्या सकाळी नऊला इंटर्नसाठी टाक्यांची कार्यशाळा आहे. एखादं व्याख्यान चुकलं तरी चालेल, तासभर तिथे या आणि कुणाच्या तरी शेजारी उभे राहा. हातमोजे सहापासून आठपर्यंत सगळ्या मापांचे ठेवले आहेत.