खर्चाचा रकाना

(शनिवार पेठ, पुणे येथे जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



बैठकीला बसण्याआधी आज सकाळी आपण दोन वाडे पाहिले. पहिला इथलाच, शनिवारवाडा. १७३० साली त्याचा पाया घातला, १८२८ च्या आगीत आतल्या इमारती जळाल्या, आता जोती उरली आहेत. तरी लोक तिकीट काढून येतात. पेशवे कुठे बसत, हे तिथे कळतं. ज्या शेतसाऱ्यावर तो वाडा उभा राहिला तो सारा कुणी भरला, हे कळत नाही.

दुसरा गंज पेठेतला जोतीराव फुल्यांचा वाडा. साधं घर. पण १८६८ साली याच घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. लोकशाहीचं संग्रहालय कुठे आहे असं कुणी विचारलं, तर मी हाच पत्ता देईन. कारण या घरातल्या माणसानं हिशेब मागितला. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी मांडलं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. पुढच्याच वर्षी त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला.

तिथून निघताना एका बाईंनी मला विचारलं, "भाऊ, आपलं असं काही कुठं ठेवलंय का?"

मला उत्तर देता आलं नाही. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या. कागद सावकाराच्या घरी होता, शेतकऱ्याच्या हातात काहीच नव्हतं. दंग्याची चौकशी सरकारनं केली, अहवाल सरकारनं लिहिला, १८७९ साली कायदाही आला. पण त्या काळातला शेतकऱ्यानं स्वतः लिहिलेला हिशेब आज आपल्यापैकी किती जणांच्या घरी आहे?

दोष दुसऱ्याला देत नाही. मी कृषी पदवीधर. नोकरीत असताना शेकडो प्लॉटचं एकरी उत्पादन मी लिहून घेतलं. ते पिकवायला शेतकऱ्याला किती खर्च आला, हा रकाना आमच्या तक्त्यात नव्हता. आणि तो का नाही, हे मी कधी विचारलंही नाही. आज भाव मागायला गेलो की आपल्याला विचारतात, खर्चाचा पुरावा काय? तेव्हा आपण एकमेकांच्या तोंडाकडे बघतो.

म्हणून प्रत्येक तालुक्यानं एक पत्र्याची पेटी करावी. त्यात आडत्याची पट्टी, बियाण्याच्या आणि खताच्या पावत्या, बँकेच्या नोटिसा, मोर्च्यांची पत्रकं ठेवावीत. मजुरीला पावती नसते, ती वहीत तारीख घालून लिहावी. घरच्या माणसांचे, विशेषतः बायकांचे, कामाचे दिवससुद्धा लिहावेत. आपण ते आजवर लिहून ठेवलेले नाहीत.

शनिवारवाड्याची जोती सरकार सांभाळतं. आपली पट्टी आपल्यालाच सांभाळायची आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं मागच्या हंगामाचे कागद बरोबर आणावेत. सुरुवात माझ्या तालुक्याच्या पेटीपासून करू.