संमतीचा हुकूम आणि अपील



या व्यासपीठावर विद्वान मंडळी बोलून गेली. मी कायदा शिकलो तो कोर्टाच्या व्हरांड्यात, आणि बराचसा स्वतःच्या चुकांतून. त्यांतलीच एक आज सांगतो.

2009 साली एका नगरपालिकेच्या पाणीखात्यातील 17 रोजंदारी कामगारांचे प्रकरण कोर्टात होते. मागण्या दोन : नोकरीत कायम करावे आणि मागील पगाराचा फरक मिळावा. एके दिवशी दोन्ही वकिलांनी तडजोडीची पुरसीस दिली. कामगारांना काढणार नाही. फरकाचा हक्क कामगार सोडतात. कोर्टाने तसा हुकूम केला. आम्ही पेढे वाटले! संध्याकाळी टाकीखाली कागद मोठ्याने वाचला, तेव्हा एका वृद्ध व्हॉल्व्हमनने विचारले, "भाऊ, फरक सोडला कुणी? माझा अंगठा कुठं आहे यावर?"

"अपील करू," मी ठसक्यात म्हणालो. एका जुन्या वकिलांनी मला भानावर आणले. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 96(3) सांगते की, पक्षकारांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील नाही. न्यायाधीशाने निवाडा केला असेल, तर तो चुकला म्हणून वर जाता येते. इथे निवाडा आपणच केलेला. कोर्टाने फक्त शिक्का मारला. मग तक्रार कुणाची करणार? तडजोड बेकायदा म्हणून निराळा दावा लावण्याची वाटही 1976 च्या दुरुस्तीने बंद झाली. कामगार न्यायालयांची कार्यपद्धती निराळी असते, पण तत्त्व तिथेही बव्हंशी हेच.

उरते ते एकच दार : ज्या कोर्टाने तडजोड नोंदवली, त्याच कोर्टात जाऊन संमती खरी नव्हती, असे दाखवायचे. आणि जायचे तेही तातडीने. महाराष्ट्र सरकार विरुद्ध रामदास नायक या 1982 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, न्यायाधीशांनी कोर्टातील गोष्ट चुकीची नोंदवली असे वाटत असेल, तर ती त्यांच्या स्मरणात ताजी असतानाच त्यांच्याकडे जावे.

आम्ही गेलो. पलीकडच्या वकिलांनी आमचेच वकीलपत्र पुढे केले. त्यात बारीक छापील ओळ : तडजोड करण्याचा अधिकार. खाली 17 सह्या-अंगठे. ते मीच एका रात्रीत गोळा केले होते, न वाचता. अर्ज फेटाळला गेला.

सार्वजनिक नोकरीत आणखी एक गोम आहे. खाजगी मालक स्वतःच्या खिशातले कबूल करतो. मुख्याधिकारी कबूल करतो ती जागा जनतेची असते. 10 एप्रिल 2006 च्या उमादेवी निकालात घटनापीठाने सांगितले की, भरतीचे नियम डावलून नेमलेल्यांना कायम करण्याचे हुकूम कोर्टांनी सरसकट देऊ नयेत. तेव्हा साहेबांनी मान डोलावली म्हणून नियम बदलत नाही. त्या जागेवर ज्याचा हक्क बुडाला, असा बाहेरचा उमेदवार पक्षकार नसतानाही परवानगी घेऊन अपिलात येऊ शकतो. आपल्याला बंद असलेले दार त्याला उघडे असते!

तो व्हॉल्व्हमन 2013 साली वयामुळे कामावरून उतरला. फरक मिळाला नाही, कायमही झाला नाही. आता आम्ही पुरसीस आधी टाकीखाली वाचतो, मग कोर्टात देतो. आणि वकीलपत्रातली ती छापील ओळ पेनाने खोडतो. काही वकील रागावतात. त्यांना चहा पाजतो, पण ओळ खोडतोच.