नकार देणारा पहारेकरी



कांद्याच्या गोणीला चिठ्ठी चुकीची लागली, तर माल चोख असूनही अडतो, हे लासलगावकरांना आम्ही काय सांगावे! लिनक्स संगणकातला एसई-लिनक्स हा पहारेकरीही चिठ्ठीच पाहतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने तो २००० साली सर्वांना खुला केला. २००३ साली तो लिनक्सच्या गाभ्यात आला.

येथील एका पेढीवर आम्ही रोजचे भाव दाखवणारा संगणक मांडला. फाइलीचे साधे परवाने बिनचूक. तरी रोज सकाळी 'परवानगी नाही'! घाईत आम्ही पहारेकऱ्यालाच निजवले. काम चालले, पण दार सताड उघडे राहिले. मग ओशाळून नकारांची नोंदवही वाचली. भावांची फाइल घरच्या कप्प्यातून हलवून आणली जाई, आणि जुनी चिठ्ठी तिच्याबरोबर येई. चिठ्ठी एकदा बदलून भागेना, कारण फाइल रोज नवी. तेव्हा हलवण्यापाठोपाठ 'रिस्टोरकॉन' ही आज्ञा नेमून दिली. फाइलीला नव्या जागेची चिठ्ठी मिळू लागली. पहारेकरी पुन्हा जागा केला, आणि नकार थांबले.

नोंदीवरून आपोआप परवाने लिहून देणारे साधनही आहे. पण कारण न वाचता दिलेला परवाना चोराच्याही कामी येतो. तोच नकार पुन्हा पुन्हा आला, तर पहारेकऱ्याला हाकलू नये. आधी चिठ्ठी पाहावी.