मूतखडा आणि मागणीपत्र



आम्ही डॉक्टर नव्हे. तरी आज मूतखड्यावर बोलण्यास उभे राहिलो, कारण हे दुखणे पुस्तकात वाचण्यापूर्वी आम्ही फौंड्रीत पाहिले.

भट्टीपुढे माणूस पाळीभर घाम गाळतो. अंगातले पाणी घामावाटे गेले की लघवी थोडी आणि दाट होते. तिच्यातले क्षार विरघळून न राहता खडा बनून बसतात. मूत्रपिंडापासून मूत्राशयाकडे जाणारी नळी सुमारे २५ सेंटिमीटर लांब, पण आतून जेमतेम ३-४ मिलिमीटर रुंद. तीत खडा अडकला म्हणजे कमरेपासून जांघेपर्यंत अशी कळ येते की धट्टाकट्टा गडी जमिनीवर लोळतो. ५ मिलिमीटरहून लहान खडा बहुधा आपोआप पडून जातो. तो अडकून राहिला तर मात्र मागे लघवी तुंबते, मूत्रपिंड फुगते, आणि फार दिवस तसेच चालले तर कायमचे निकामी होते.

आमचा एक सोबती असेच एक मूत्रपिंड गमावून बसला. पाणी का पीत नव्हतास, असे आम्ही विचारले. तो म्हणाला, “दादा, पाणी प्यायलं की मुतायला जावं लागतं, आन् त्यासाठी मुकादमाच्या हातापाया पडावं लागतं.” कळ थांबली म्हणून तो कामावर परतला होता. कळ थांबली म्हणजे अडथळा गेला असे नव्हे, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

१९४८ च्या कारखाने कायद्यात पिण्याच्या पाण्याचे आणि मुताऱ्यांचे स्वतंत्र कलम होते. २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात थंड पाणी देण्याचे बंधनही होते. कायदा होता, पण तो मागायला तोंड हवे. आम्ही मागणीपत्रात पै-पैचा हिशेब मांडला आणि मुतारीचा विषय लाजेपोटी गाळला. तो दोष आमचा.

ही लाज कारखान्यापुरती नाही. बाजारात बसणारी भाजीवाली आडोसा नाही म्हणून दिवसभर घोटभर पाणी पीत नाही. घरातले वडील पौरुषग्रंथी वाढून लघवी अडू लागली तरी बोलत नाहीत. त्यांना विचारा. लघवी अजिबात होत नसेल, किंवा कळ येऊन थंडीतापही भरला असेल, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.

खडा फोडणारी यंत्रे आज आहेत. परंतु पाणी पिण्याची आणि लघवीला जाण्याची मोकळीक कोणतेही यंत्र देणार नाही. ती आपणच मागून घ्यावी लागेल.