उड्डाणतासांचा हिशेब



विमानवाहतूक विषयातली पदवी, विमान चालवण्याचा परवाना आणि विमान कंपनीतली नोकरी या तीन निरनिराळ्या गोष्टी असून त्यांच्या मधल्या अंतरात जो पैसा आणि जो काळ खर्ची पडतो, तो माहितीपत्रकातल्या शुल्कात क्वचितच पुरता धरलेला असतो.

मोबदला घेऊन विमान चालवण्याचा अधिकार देणाऱ्या व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे ‘सीपीएल’साठी, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने किमान 200 तासांच्या उड्डाणाची अट घातली आहे आणि त्यांतले 100 तास उमेदवाराने मुख्य वैमानिकाच्या जबाबदारीने पार पाडायचे असतात. देशातच हे प्रशिक्षण घ्यायचे म्हटले तरी आज ढोबळमानाने 50 लाख रुपयांची तयारी ठेवावी लागते. हा आकडा डोळे विस्फारायला लावणारा असला, तरी तो कशाचा बनला आहे हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते. विमानातला तास मोजणारे यंत्र तासाचा दहावा भाग, म्हणजे सहा मिनिटे, हे एकक मानते. त्यामुळे धावपट्टीच्या तोंडाशी इंजिन चालू ठेवून दुसऱ्या विमानाची वाट पाहिली, तरी विद्यार्थ्याच्या खात्यावर आकडा चढतच असतो. शिकाऊ विमानांची बहुतेक इंजिने प्रवासी विमानांच्या केरोसीनसदृश इंधनावर चालत नाहीत, त्यांना ‘अॅवगॅस’ नावाचे खास पेट्रोल लागते, आणि 2022 मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात त्याचे उत्पादन सुरू करेपर्यंत ते आयातच करावे लागे. उड्डाणापूर्वी विद्यार्थी पंखातल्या टाकीच्या तळातून थोडे इंधन पारदर्शक नळीत काढतो आणि उजेडाकडे धरून त्याचा निळसर रंग व तळाशी पाण्याचा थेंब साचला आहे का हे तपासतो. तपासून झालेले ते पेलाभर पेट्रोलही कुणाच्या तरी कर्जातलेच असते.

पैशापेक्षा काळाचा हिशेब अधिक फसवा असतो. वर्षभरात पुरे होतील असे सांगितलेले 200 तास पावसाळ्यातले खाली उतरलेले ढग, नादुरुस्त विमाने आणि प्रशिक्षकांची टंचाई यांमुळे दोन वर्षांवर जातात, आणि तेवढे महिने वसतिगृह, खानावळ व कर्जाचे व्याज यांपैकी काहीच थांबत नाही. शुल्काच्या तक्त्याआधी चौकशी करावी ती संस्थेतल्या प्रत्यक्ष उडणाऱ्या विमानांची. उभ्या विमानांची संख्या माहितीपत्रकात शोभते, एवढेच.

परवान्यानंतर ‘टाइप रेटिंग’ येते. एअरबस 320 सारखे विशिष्ट विमान चालवण्याची ही स्वतंत्र पात्रता मुख्यतः सिम्युलेटरवर मिळवावी लागते आणि तिचा 10 ते 20 लाखांचा खर्च बहुधा उमेदवारच सोसतो. तोही करून नोकरी मिळेलच असे नाही, कारण वैमानिकांची भरती पाळण्यासारखी वरखाली होते. 2012 मध्ये किंगफिशर, एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज आणि मे 2023 मध्ये गो फर्स्ट यांची उड्डाणे थांबली, तेव्हा हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक बाजारात आले आणि 200 तासांचा नवा परवानाधारक रांगेत मागे ढकलला गेला. ही प्रतीक्षा फुकट नसते: केवळ उपकरणांच्या आधाराने उडण्याची पात्रता आणि वैद्यकीय दाखला, दोन्हींचे नूतनीकरण दरवर्षी करावे लागते.

महाराष्ट्रात गोंदिया, बारामती, धुळे, जळगाव आणि नागपूर इथे प्रशिक्षणाची विमाने उडतात, अशा काही धावपट्ट्यांच्या कुंपणाला शेतेच लागून आहेत. परंतु साडेसात लाखांपलीकडच्या शैक्षणिक कर्जासाठी बँका तारण मागत असल्याने तिथल्या शेतकऱ्याच्या मुलीला आत यायचे तर बहुधा सातबाराच बँकेपुढे ठेवावा लागतो. जे. आर. डी. टाटांना 1929 साली परवाना मिळाला तेव्हा उड्डाण हा धनिकांचा छंद होता; तो आता व्यवसाय झाला, पण दारावरची किंमत फारशी उतरली नाही. राज्य शासनाच्या ‘महाज्योती’ या संस्थेने नागपुरातल्या वैमानिक प्रशिक्षणासाठी आखलेल्या योजनेसारखे प्रयत्न म्हणूनच मोलाचे आहेत, आणि अपुरेही.

उड्डाणाकडे वळू पाहणाऱ्या स्नातकांनी निदान खर्चाचा क्रम तरी आपल्या हाती ठेवावा. परवान्यासाठीच्या, 70 टक्के गुणांची अट असलेल्या लेखी परीक्षा विमानात बसण्याआधी देता येतात, आणि त्याही आधी करण्याची वर्ग 1 ची वैद्यकीय तपासणी काही हजारांत होते. हृदयाच्या आलेखातला किंवा रंगदृष्टीतला दोष तिथेच कळतो, आणि तोवर सातबारा घरच्या कपाटातच असतो.