गेलेल्याविषयी बोलायचे की नाही?

(महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)

आपल्या वस्त्यांमध्ये, गावांमध्ये इतके प्रश्न असताना इंग्लंडमधल्या एका दिवंगत टीव्ही कलाकाराची चर्चा कशाला, असे काहीजणींना वाटले असेल. पण तिथे जे बोलले गेले ते आपण इथेही ऐकतो. 'गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये.' 'इतकी वर्षे गप्प का बसली?' 'आता उकरून काय मिळणार?' तिथे चौकशा झाल्या, त्यांचे अहवाल छापले गेले. त्यामुळे काय घडले हे तपशिलाने पाहता येते, म्हणून हे उदाहरण घेते.

जिमी सॅव्हिल हा बीबीसीचा लाडका निवेदक. मुलांच्या इच्छा पुऱ्या करणाऱ्या त्याच्या कार्यक्रमामुळे तो घराघरांत पोचला होता. रुग्णालयांसाठी त्याने प्रचंड देणग्या गोळा केल्या. लीड्सच्या रुग्णालयात तो स्वयंसेवक म्हणून काम करी. स्टोक मँडव्हिल रुग्णालयात त्याला स्वतःचे ऑफिस होते. १९९० मध्ये त्याला 'सर' हा किताब मिळाला. ऑक्टोबर २०११ मध्ये, ८४ व्या वर्षी तो वारला, तेव्हा लोकांनी गर्दी करून त्याला निरोप दिला.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बीबीसीच्याच 'न्यूजनाइट' कार्यक्रमाच्या पत्रकारांनी मुलींच्या एका निवासी शाळेतल्या माजी विद्यार्थिनींशी बोलून लैंगिक अत्याचाराची माहिती गोळा केली होती. तो वृत्तांत दाखवलाच गेला नाही. नाताळात श्रद्धांजलीचे कार्यक्रम मात्र दाखवले गेले. पुढे ३ ऑक्टोबर २०१२ रोजी आयटीव्ही या दुसऱ्या वाहिनीने त्या स्त्रियांचे म्हणणे लोकांसमोर आणले आणि बांध फुटला. जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालानुसार सुमारे ४५० जण पुढे आले आणि २१४ गुन्हे नोंदवले गेले. पहिला १९५५ मधला, शेवटचा २००९ मधला. बहुसंख्य मुली आणि स्त्रिया होत्या, आणि घटनेच्या वेळी त्यांतल्या बऱ्याचजणी अल्पवयीन होत्या.

मग वाद सुरू झाला. सर्वांत जास्त विचारला गेलेला प्रश्न होता, 'तेव्हाच का नाही बोलल्या?'

अहवाल सांगतात की बोलल्या होत्या. १९६३ मध्ये एका पुरुषाने चेशायरच्या पोलिसाला आपल्यावरच्या बलात्काराविषयी सांगितले. 'विसरून जा' असे त्याला उत्तर मिळाले. स्टोक मँडव्हिलच्या अहवालात (२०१५) साठ पीडितांची नोंद आहे. त्या वेळीच नऊ तोंडी तक्रारी आणि एक रीतसर तक्रार झाली होती. रीतसर तक्रार अकरा वर्षांच्या मुलीच्या वडिलांनी केली होती. एकाही तक्रारीवर कारवाई झाली नाही. बीबीसीवरचा डेम जॅनेट स्मिथ यांचा अहवाल (२०१६) सांगतो की ७२ जणांवर सॅव्हिलने बीबीसीच्या कामाच्या संदर्भात अत्याचार केले. कलाकार मोठा, त्याला दुखवायचे कसे, ही भीती संस्थेत खोल मुरलेली होती. म्हणजे बायका, मुले बोलत होती. ऐकणाऱ्याने ते नोंदवले नाही, किंवा नोंदवून पुढे नेले नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळे सांगते आहे, तिच्याकडे येते. २००७ ते २००९ या काळात चार स्त्रियांच्या तक्रारी पोलिसांकडे होत्या. तीन सरे परगण्यात, एक ससेक्समध्ये. ऑक्टोबर २००९ मध्ये पोलिसांनी सॅव्हिलची जबानीही घेतली, ती त्याच्याच रुग्णालयातल्या ऑफिसात. पण खटला झाला नाही. कारण काय दिले? तक्रारदार कोर्टात यायला तयार नाहीत. पुढे सरकारी वकिलांच्या खात्याने ॲलिसन लेव्हिट यांच्याकडून याचा तपास करून घेतला. तेव्हा कळले की आपल्यासारख्याच इतरही आहेत, हे त्या स्त्रियांना कुणी सांगितलेच नव्हते. प्रत्येकीला वाटत होते की एवढ्या मोठ्या माणसासमोर आपण एकटीच उभी राहणार. वेगळ्या पद्धतीने काम झाले असते तर तो जिवंत असतानाच खटला उभा राहू शकला असता, असा लेव्हिट यांचा निष्कर्ष आहे.

मैत्रिणींनो, हा एकटेपणा आपण ओळखतो. समुपदेशनाच्या कामात मी पाहते, काका, सासरे किंवा गुरुजी वारल्यावरच एखादी बाई पहिल्यांदा तोंड उघडते. तेरावा होतो, घरात फोटोला हार चढतो, सगळे गुणगान करतात, आणि तिला ते सोसत नाही. तिला मेलेल्याला शिक्षा द्यायची नसते. आरोपीच्या मृत्यूबरोबर फौजदारी खटला संपतो, हे तिलाही समजावता येते. तिला हवे असते एवढेच, की घडले ते घडले असे कुणीतरी म्हणावे. आणि धाकट्या जावेला, भाचीला, त्या शाळेतल्या इतर मुलींनाही काही सोसावे लागले का, ते विचारावे.

दुसरा आक्षेप असा की मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. हा आक्षेप मला गंभीर वाटतो. तो हसण्यावारी नेला तर आपलेच नुकसान होते. कार्ल बीच या माणसाने याच लाटेत पोलिसांना सॅव्हिलचे नाव सांगितले, मग बड्या राजकारण्यांवर बलात्कार आणि खुनाचे आरोप केले. त्यांत वारलेले माजी पंतप्रधान एडवर्ड हीथही होते. एका पोलीस अधिकाऱ्याने तपास पुरा होण्याआधीच ते आरोप खरे असल्याचे जाहीरपणे म्हटले. सगळे बनावट निघाले आणि २०१९ मध्ये बीचला अठरा वर्षांची शिक्षा झाली. अशा एका खोट्याचा भार पुढे खऱ्या तक्रारदारांना वाहावा लागतो. म्हणून बाईचे ऐकताना तिच्यावर विश्वास ठेवावा, आणि तपास करताना तारखा, नोंदी, साक्षी तपासाव्यात. ही दोन्ही कामे आपल्याला जमली पाहिजेत. वर मी २१४ गुन्हे 'नोंदवले' म्हटले, 'सिद्ध झाले' म्हटले नाही. बोलताना, लिहिताना हा फरक पाळावा.

आपल्याकडे याला कायद्याचीही बाजू आहे. इंग्लंडमध्ये मृत व्यक्तीच्या बदनामीचा दावा चालत नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ च्या पहिल्या स्पष्टीकरणानुसार, नातेवाइकांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने केलेला आरोप मृत व्यक्तीचीही बदनामी ठरू शकतो. सत्य असलेले आणि सार्वजनिक हितासाठी केलेले विधान मात्र अपवादात बसते. प्रिया रमाणी यांच्यावरच्या बदनामीच्या खटल्यात दिल्लीच्या न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२१ रोजी त्यांना निर्दोष ठरवले आणि स्त्री कित्येक दशकांनंतरही आपली तक्रार मांडू शकते असे म्हटले. त्या निकालावर अपील झालेले आहे, तरी तो वाचून ठेवा. पत्रक काढण्याआधी, सभेत नाव घेण्याआधी वकील मैत्रिणीला दाखवा. आणि पीडितेचे नाव, तिची ओळख पटेल असा तपशील कुठेही जाऊ देऊ नका.

माणूस मेला तरी शाळा, आश्रम, रुग्णालय, नाट्यसंस्था जिवंत असते. बालक अत्याचाराची माहिती असून ती न कळवणाऱ्यावर पॉक्सो कायद्याखाली गुन्हा होतो. संस्थाप्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आहे. 'ते तर गेले' असे संस्थाचालक म्हणाले, तर आपण विचारायचे: तक्रारवही कुठे आहे? पाहुण्यांना मुलींच्या वसतिगृहात कोण सोडते? देणगीदाराला कोणत्या खोलीच्या किल्ल्या दिल्या आहेत? हे प्रश्न मेलेल्याला नाहीत, त्यामुळे कुणाचाच अपमान होत नाही.

शेवटी आपल्या केंद्रांविषयी. आपल्या नोंदवह्या बऱ्याचदा बाईच्या नावाने लावलेल्या असतात. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या आणि त्याच्या संस्थेच्या नावानेही एक गोपनीय सूची ठेवा. कार्यकर्ती बदलली तरी ती सूची कपाटात राहील. दुसरी बाई आली, तर पहिलीची परवानगी घेऊन, तिचे नाव न सांगता दुसरीला एवढे सांगता येईल, 'बाई, तू एकटी नाहीस.' सरे आणि ससेक्समधल्या त्या चार स्त्रियांना हे वाक्य वेळेत ऐकायला मिळाले नाही. आज दुपारच्या गटचर्चेत प्रत्येक केंद्राने आपली नोंदपद्धत मांडावी, आणि अशी सूची कधीपासून सुरू करणार ते ठरवूनच उठावे, अशी माझी विनंती आहे.