पक्षाघातानंतर हात पुन्हा कसा हलतो

(२९ ऑक्टोबर या जागतिक पक्षाघात दिनानिमित्त रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकांनी केलेले भाषण)



प्रारंभीच एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. मी वैद्यकीय शाखेचा पदवीधर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन हिशेबनीस म्हणून मी रुग्णालयाच्या सेवेत आलो आणि पुढे प्रशासनाची जबाबदारी माझ्याकडे सोपविण्यात आली. मेंदूविषयी बोलण्याचा खरा अधिकार आपल्या डॉक्टरांचा. त्यांनी माझे टिपण वाचून दुरुस्त्या केल्या, म्हणूनच मी हे धाडस करीत आहे. त्याला दोन कारणे आहेत. एक खतावणीतले आणि दुसरे घरातले.

आपला फिजिओथेरपी विभाग ताळेबंदात दरवर्षी तूट दाखवितो. काही वर्षांपूर्वी सायंकाळच्या पाळीतील एक जागा रिकामी झाली, तेव्हा ती भरू नये असा प्रस्ताव मीच तयार केला होता. विश्वस्तांनी तो माझ्या भरवशावर मंजूर केला. पुढच्याच वर्षी माझ्या थोरल्या बंधूंना पक्षाघाताचा झटका आला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. दादांचे कापडाचे दुकान. मीटरपट्टी, कात्री आणि गिऱ्हाईक यांत त्यांचे आयुष्य गेलेले. त्यांना याच रुग्णालयात आणले, आणि मीच कमी केलेल्या पाळीची झळ माझ्याच घराला लागली. घरी हितचिंतकांची रीघ होतीच. एकाने कबुतराच्या रक्ताचा उपाय सांगितला, दुसऱ्याने मालिश करणाऱ्याचा पत्ता दिला. लकवा म्हटले की आपल्याकडे प्रत्येक जण वैद्य होतो. त्या दिवसांत मी डॉक्टरांना जे प्रश्न विचारले आणि जे वाचले, ते आज आपणासमोर ठेवतो.

एका कानापासून डोक्यावरून दुसऱ्या कानापर्यंत कमान काढावी, त्या सुमारास मेंदूच्या पृष्ठभागावर हालचालींचा पट्टा असतो. माँट्रियलचे शल्यविशारद वाइल्डर पेनफिल्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी जाग्या असलेल्या रुग्णांच्या मेंदूला सौम्य विद्युतस्पर्श करून या पट्ट्याचा नकाशा काढला व १९३७ साली प्रसिद्ध केला. त्या नकाशात अवघ्या पाठीला थोडीशी जागा आहे, मात्र हाताची बोटे आणि ओठ यांनी मोठा प्रदेश व्यापला आहे. तेथून निघालेले बहुतेक तंतू मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडून मज्जारज्जूत उतरतात. डाव्या मेंदूतील गुठळीने उजवा हात जातो तो यामुळे.

रक्तपुरवठा थांबला की हानी किती वेगाने होते? मोठी रक्तवाहिनी बंद झाली आणि उपचार झाले नाहीत, तर दर मिनिटास सुमारे १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा हिशेब अमेरिकेतील डॉ. जेफ्री सेव्हर यांनी २००६ साली मांडला. हा आकडा मी आमच्या रुग्णवाहिकेच्या चालकांना पाठ करावयास लावला आहे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन सामान्यतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. मात्र रक्तस्राव झाला असेल तर ते देता येत नाही, म्हणून आधी सीटी स्कॅन.

मेलेल्या चेतापेशी पुन्हा जिवंत होत नाहीत. मग काही आठवड्यांनी पाय उचलतो, बोट हलते, ते कशामुळे? पहिल्या दिवसांतील सुधारणा बरीचशी आपोआप होते. मृत भागाभोवती अर्धपोटी राहिलेला एक पट्टा असतो. रक्त पुन्हा मिळाल्यास तो सावरतो. सूज उतरते. शिवाय इजा झालेल्या भागाशी जोडलेले दूरचे भागही काही काळ स्तब्ध झालेले असतात, ते हळूहळू कामाला लागतात. या दूरच्या स्तब्धतेचे वर्णन कॉन्स्टंटिन फॉन मोनाकोव्ह यांनी १९१४ सालीच केले होते.

दुसरी सुधारणा शिकण्याची आहे. प्रौढ मेंदूची रचना कायमची ठरलेली असते, अशी समजूत दीर्घकाळ होती. ती डळमळीत करणारी एक हकिगत न्यूयॉर्कची आहे. पेद्रो बाख-इ-रिता हे तेथील सिटी कॉलेजातील प्राध्यापक. १९५९ साली, वयाच्या ६५ व्या वर्षी, त्यांना पक्षाघात झाला आणि आशा नाही असे सांगण्यात आले. त्यांचा धाकटा मुलगा जॉर्ज तेव्हा वैद्यकीय विद्यार्थी होता. त्याने वडिलांना तान्ह्या मुलाप्रमाणे आधी रांगावयास शिकविले, भिंतीचा आधार देऊन चालते केले आणि दुबळ्या हाताने भांडी घासावयास लावली. शेजारीपाजारी नावे ठेवीत, पण त्याने सोडले नाही. पेद्रो पुन्हा वर्गात शिकवू लागले. पुढे डोंगर चढताना हृदयविकाराने त्यांचा अंत झाला. शवविच्छेदनात आढळले की मेंदूतून खाली येणारा हालचालींचा मार्ग जवळजवळ पूर्ण तुटलेलाच होता. इजा भरून आलेली नव्हती, उरलेल्या तंतूंनी काम पत्करले होते. दुसरे पुत्र पॉल यांनी नंतर सारे आयुष्य याच संशोधनाला वाहिले.

एका उदाहरणावर विज्ञान उभे राहत नाही. १९९६ साली रँडॉल्फ न्यूडो व त्यांच्या सहकाऱ्यांनी माकडांच्या मेंदूतील हाताच्या भागात लहानशी इजा करून पाहणी केली. सराव न मिळालेल्या माकडांत इजेच्या शेजारचा, हाताचा निरोगी भागही आक्रसत गेला. लहान खळग्यांतून खाऊचे तुकडे बोटांनी काढण्याचा सराव ज्यांच्याकडून करून घेतला, त्यांच्यात तो भाग टिकला, आणि काहींत तर कोपर व खांद्याच्या प्रदेशात विस्तारला. वापरात नसलेली जमीन शेजारी बळकावतो, हे आपल्या गावाकडे कोणास सांगावे लागत नाही.

एडवर्ड टाउब यांनी याची दुसरी बाजू दाखविली. लुळा हात चालत नाही, म्हणून रुग्ण चांगल्या हाताने सर्व उरकतो आणि लुळा हात न वापरण्याची सवयच मेंदूला लागते. उपाय म्हणून चांगल्या हातावर जाड मोजा चढवून दुबळ्या हाताकडून काम करून घेण्याची पद्धत त्यांनी विकसित केली. अमेरिकेत २२२ रुग्णांवर तिची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले आणि ते अनुकूल होते. अर्थात ज्यांची बोटे व मनगट थोडे तरी हलते, त्यांच्यासाठीच ती आहे.

आता माझ्या विषयाकडे, म्हणजे मोजणीकडे येतो. दादांच्या व्यायामाच्या वेळी मी शेजारी बसत असे आणि सवयीने मोजत असे. हात उचलून वस्तू धरण्याची क्रिया एका वेळी तिसापेक्षा क्वचितच अधिक होई. त्यांच्यानंतर रांगेत आणखी रुग्ण असत. मला वाटले, आपल्याकडे माणसे कमी म्हणून असे होत असावे. पुढे कळले की २००९ साली प्रसिद्ध झालेल्या उत्तर अमेरिकेतील एका पाहणीत हाताच्या अशा क्रियांची सरासरी एका वेळेस ३२ इतकीच भरली होती. प्राण्यांवरील प्रयोगांत हीच संख्या शेकड्यांत असते.

आणि वेळही महत्त्वाची. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ७२ रुग्णांपैकी काहींना हाताचा २० तासांचा जादा सराव निरनिराळ्या वेळी देण्यात आला. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात दिलेल्या सरावाचा लाभ सर्वाधिक झाला, पहिल्या महिन्यात काहीसा कमी झाला, आणि सहा महिन्यांनंतर दिलेल्या सरावाने विशेष फरक पडला नाही. दादांचे ते महिने आणि आपली रिकामी पाळी एकाच वेळची. ही गोष्ट मी अद्याप त्यांना सांगितलेली नाही. आज ते समोरच बसले आहेत, म्हणजे आता सांगितली.

कुटुंबीयांनी घाई मात्र करू नये. पहिल्या २४ तासांतच रुग्णास वरचेवर उभे करून चालविण्याची चाचणी पाच देशांत २,१०४ रुग्णांवर झाली. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा अशा रुग्णांची स्थिती नेहमीच्या काळजीपेक्षा थोडी वाईटच आढळली. केव्हा आणि किती, हे डॉक्टरांना ठरवू द्यावे.

मी एके काळी विश्वस्तांना सुचविले होते की कुटुंबीयांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवावे, म्हणजे खर्च वाचेल. नेमका हाच प्रश्न भारतातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर तपासण्यात आला. २०१७ सालच्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी मृत्यू पावलेल्या वा परावलंबी राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण दोन्ही गटांत ४७ टक्केच होते. सगळ्यांच्या घरी जॉर्ज नसतो. ज्या सुनेला स्वयंपाक, मुले आणि अंथरुणावरचे सासरे सांभाळायचे आहेत, तिच्यावर फिजिओथेरपिस्टचे कामही टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही.

एका उदार देणगीदारांनी हाताच्या व्यायामासाठी रोबो यंत्र देण्याची तयारी दर्शविली आहे. त्यांचा मी मनापासून ऋणी आहे. परंतु ब्रिटनमध्ये ७७० रुग्णांवर अशा यंत्राची चाचणी झाली आणि २०१९ च्या निष्कर्षांत हाताचे कार्य नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारल्याचे दिसले नाही. प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की त्याच चाचणीत जादा मानवी सराव घेतलेला गटही मुख्य मोजमापात सरस ठरला नाही. त्यातील रुग्ण मात्र झटक्यानंतर एका आठवड्यापासून पाच वर्षांपर्यंतचे होते. आणि तेथील ‘नेहमीचे उपचार’ हीच आपल्याकडची उणीव आहे. म्हणून माझी देणगीदारांना नम्र विनंती आहे की यंत्राच्या रकमेतून दोन फिजिओथेरपिस्टच्या जागांसाठी निधी उभारावा. पगाराच्या पावतीवर नावाची पाटी लावता येत नाही, हे मी जाणतो. हा प्रस्ताव विश्वस्त मंडळाच्या पुढील बैठकीच्या विषयपत्रिकेवर आहे.

सगळ्यांना सर्व मिळेल असे आश्वासन मी देणार नाही. नेदरलँड्समधील २०१० सालच्या अभ्यासानुसार, दुसऱ्या दिवशी ज्यांचा खांदा बाजूस उचलतो आणि बोटे थोडी उघडतात, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के असते. दोन्ही नसल्यास ती २५ टक्के. दादांचा खांदा उचलत होता, बोटे नव्हती. आज ते काठीशिवाय चालतात. कापडाच्या घड्या घालणे हाच त्यांचा व्यायाम होता आणि अजूनही दुकानात घड्या तेच घालतात. कात्री चालत नाही, ती पुतण्या चालवितो.

चहापानानंतर फिजिओथेरपी विभाग सर्वांना पाहण्यासाठी खुला आहे. तेथे टेबलावर एक साधा आरसा दिसेल. चांगल्या हाताचे प्रतिबिंब लुळ्या हाताच्या जागी दिसावे, अशी ती मांडणी आहे. ही कल्पना डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांची. प्रथम ती हात-पाय गमावलेल्यांसाठी होती, १९९९ मध्ये पक्षाघाताच्या रुग्णांवर वापरली गेली आणि त्यानंतरच्या अनेक अभ्यासांत तिचा उपयोग दिसून आला. विभागातील सर्वांत स्वस्त साधन तेच आहे. ज्यांच्या घरी रुग्ण आहेत त्यांनी ते कसे वापरावे, हे आमच्या भगिनींकडून आजच समजून घ्यावे.